प्रभारित रेणुपुंज कसे फुटतात

श्रोतेहो, नमस्कार.

काही रेणू एकत्र येऊन त्यांचा पुंज झाला आणि त्याला एखादा जादा प्रोटॉन चिकटला, की तो पुंज प्रभारित होतो आणि विद्युत क्षेत्राच्या साहाय्याने त्याला निर्वातात हवे तिकडे नेता येते. मास स्पेक्ट्रोमीटर अशा पुंजाचे वस्तुमान आणि प्रभार यांचे गुणोत्तर मोजतो. मात्र या एका आकड्यावरून पुंजाची ओळख नेहमीच पटत नाही. त्यासाठी तो फोडून पाहावा लागतो.

सेरीन या अमिनो आम्लाचे उदाहरण घेऊ. त्याचे आठ रेणू आणि एक प्रोटॉन मिळून बनलेला पुंज सुमारे ८४१ या गुणोत्तरावर ठळकपणे दिसतो. पण सोळा रेणू आणि दोन प्रोटॉन यांचा पुंजही नेमका त्याच ठिकाणी येतो, कारण तेथे वस्तुमान दुप्पट असते आणि प्रभारही दुप्पट. हे दोन पुंज वेगळे ओळखण्याची एक खूण आलेखात दिसते: कार्बनच्या जड समस्थानिकामुळे, म्हणजे थोड्या जास्त वस्तुमानाच्या कार्बन अणूंमुळे, मुख्य शिखराशेजारी उमटणारी लहान शिखरे एका एककाच्या अंतरावर असतील तर प्रभार एक, अर्ध्या एककावर असतील तर दोन. याहून बोलका पुरावा फुटण्यातून मिळतो. निवडलेल्या आयनांना, म्हणजे प्रभारित पुंजांना, वेग देऊन आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या अणूंवर आदळवले असता दुहेरी प्रभाराचा पुंज एकेक प्रभार वाटून घेत दुभंगू शकतो. तो नऊ आणि सात रेणूंमध्ये विभागला, तर मोठा तुकडा सुमारे ९४६ वर, म्हणजे मूळ पुंजाच्याही पुढे, उमटतो. एकेरी प्रभाराच्या पुंजाचा तुकडा तेथे पोहोचूच शकत नाही. मला या पद्धतीतला हा तर्क सर्वांत सुंदर वाटतो.

पाण्याचे पुंज निराळ्या रीतीने फुटतात. तापलेला पुंज एकेक रेणू सोडत लहान होत जातो. सीअर्सी आणि जॉन फेन या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवले, की प्रोटॉनयुक्त पुंजांमध्ये एकवीस रेणूंचा पुंज शेजाऱ्यांच्या तुलनेत विशेष विपुल असतो. बावीस रेणूंचा पुंज आपला एक रेणू सहज गमावतो, एकविसांचा मात्र तितक्या सहज गमावत नाही, म्हणून गर्दी तेथेच साचते.

तरीही तुकड्यांवरून मूळ रचना थेट वाचता येत नाही, कारण आघाताने तापलेला पुंज फुटण्यापूर्वी आपली मांडणी बदलू शकतो. म्हणूनच आघाताची ऊर्जा थोडीथोडी वाढवत, कोणता तुकडा आधी सुटतो आणि कोणता नंतर, हे तपासावे लागते.