डायरी जिथे थांबते

(दृश्य : ॲमस्टरडॅम, प्रिन्सेनग्राख्त २६३. पुस्तकांचं सरकतं कपाट, मागे उभा जिना.)

नाझींपासून इथे लपून राहिलेल्या ज्यू मुलीची, ॲन फ्रँकची डायरी पुष्कळांनी शाळेत असतानाच वाचलेली असते. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची. चार तारखेला पोलीस आले. ते गेल्यावर, लपलेल्यांना मदत करणाऱ्या मीप गीज यांनी जमिनीवर विखुरलेले कागद गोळा करून टेबलाच्या खणात ठेवले. वाचले नाहीत. वाचले असते तर जाळूनच टाकावे लागले असते, असं त्या पुढे सांगत. मदत करणाऱ्यांची नावं त्यात होती ना!

लपलेल्या आठांपैकी एकटे वडील परतले. १९४७ मध्ये डायरी छापून आली.

पण त्या डायरीत छळछावणी नाही. असणार तरी कशी? ॲनसाठी डोळे पुसणाऱ्या वाचकानं (मीही त्यातलाच) साठ लाख ज्यूंचा संहार अजून पाहिलेलाच नसतो. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ मराठी घरांत वाचलं गेलं, पण त्याच्या मध्यभागी हिटलर आहे. मरणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं तर प्रिमो लेव्हीकडे जावं लागतं. त्याचं ‘इफ धिस इज अ मॅन’सुद्धा १९४७ चंच.

इटलीतल्या ट्युरिनचा हा चोविशीतला रसायनशास्त्रज्ञ ऑश्वित्झच्या छळछावणीत कैदी क्रमांक १७४५१७ झाला. प्रयोगशाळेत कामाला घ्यायचं का, हे ठरवायला एक जर्मन रसायनतज्ज्ञ त्याची परीक्षा घेतो. परतताना सोबत ॲलेक्स, म्हणजे कैद्यांतूनच नेमलेला मुकादम. वाटेतली ग्रीसनं माखलेली तार धरल्यानं त्याचा हात काळा होतो. तो हात ॲलेक्स लेव्हीच्या खांद्याला पुसतो. आधी तळवा, मग पालथी बाजू. राग नाही, कुचेष्टा नाही. खुंटीवर फडकं असावं, तसा.

आकडे वाचून जे कळलं नव्हतं, ते मला इथं कळलं.

एका बड्या प्रकाशन संस्थेनं लेव्हीचं हे हस्तलिखित साभार परत केलं होतं. छोट्या प्रकाशकानं अडीच हजार प्रती काढल्या. १९५८ मध्ये त्याच बड्या संस्थेनं ते पुन्हा छापलं.

(दृश्य : दुधाचा गंजका कॅन.)

लेव्ही निदान जिवंत परतला. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लम आणि त्यांचे साथीदार मिळेल तो कागद जमवत होते. रोजनिशा, मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांचे कागदसुद्धा. आपण उरणार नाही हे दिसू लागल्यावर सगळं जमिनीत पुरलं. १९४६ मध्ये पत्र्याच्या पेट्या निघाल्या, आतले कागद भिजलेले. १९५० मध्ये दुधाचे दोन कॅन मिळाले.

तिसरा साठा अजून सापडलेला नाही.