सुपावरची मोजणी

मित्रहो, या व्याख्यानमालेत बालपणाविषयी बोलावे असा निरोप आला, तेव्हा सर्वांत आधी आईच्या मांडीवरचे सूप डोळ्यांपुढे आले. निपाणीत आमचे दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते आणि बाहेरच्या खोलीत, उंबऱ्यालगत, उजेडाकडे तोंड करून आई दिवसभर विड्या वळत असे. रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली टेंभुर्णीची पाने सकाळी ती मापाचा पत्रा ठेवून कात्रीने कापी, चिमटीने तंबाखू पसरी, पान वळून रुंद टोक नखाने आत मुडपी आणि निमुळत्या टोकाला दोऱ्याचे वेढे देई. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख त्या मुडपण्याने एका बाजूला झिजून गेले होते. घरात तंबाखूचा खाट कायम असे आणि आईचा खोकलाही. त्या दोहोंचा संबंध आम्हाला फार उशिरा कळला.

शाळेतून आल्यावर माझे काम पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे बांधण्याचे. हजार विड्यांचे चाळीस कट्टे. एका संध्याकाळी सारे बांधून झाल्यावर एक विडी चटईखाली सापडली. एका कट्ट्यात चोवीसच गेल्या होत्या. एवढे कोण मोजतो, असे मी म्हणालो. आईने काही न बोलता चाळीसही कट्टे पुढे ओढले आणि कमी भरलेला सापडेपर्यंत एकेक मोजून काढला. दिवे लागून बराच वेळ झाला होता. शेवटी म्हणाली, "आपली मोजणी चोख असली, की दुसऱ्याची चूक तोंडावर सांगता येते."

तसा प्रसंग लवकरच आला. वळलेल्या विड्या जमा करायला गेल्यावर माल तपासताना मुनीम दोन मुठी विड्या छाट, म्हणजे नापास, म्हणून बाजूला काढी, त्यांची मजुरी कापी आणि त्या विड्याही ठेवून घेई. आई रांगेतून पुढे झाली. "छाट आहेत म्हणता, तर माझ्या मला परत द्या." तिच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या शेजारच्या अक्कांनी हेच कन्नडमध्ये, अधिक चढ्या आवाजात सांगितले. त्या दिवशी विड्या परत मिळाल्या नाहीत आणि पुढच्या खेपेला पानेही कमी तोलून मिळाली. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानत होता, हे त्या दोघींना कोणीच सांगितलेले नव्हते. मला याचे आजही वाईट वाटते.

१९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या रास्त भावासाठी शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे एकाच मागणीसाठी शेजारी-शेजारी बसलेली मी पाहिली. पुढे गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले, आणि आमच्या गल्लीत कित्येक दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. मराठीत शिकण्याचा आणि मराठीत कागद मिळण्याचा आमचा हक्क मी कधीही सोडलेला नाही. पण जमिनीचा उतारा कन्नडमध्ये एखाद्या म्हातारीच्या हातात पडला आणि तो वाचता आला नाही, तर नुकसान तिचेच होते. म्हणून मी अक्कांच्या पायरीवर बसून कन्नड अक्षरे गिरवली. अक्का हिशेबाला 'लेक्क' म्हणत. पाटीवर मी लिहिलेला पहिला कन्नड शब्द तोच.

मोठेपणी काय व्हायचे, असे गुरुजींनी विचारले तेव्हा वर्गातल्या कोणी डॉक्टर सांगितले, कोणी फौजदार. मी म्हणालो, मला कागद वाचून दाखवणारा व्हायचे आहे. वर्ग हसला, गुरुजी हसले नाहीत. पुढे नोकरीत आयुष्य गेले, तरी ती इच्छा तशीच राहिली. आता दर गुरुवारी वाचनालयाच्या ओट्यावर बसतो. उतारे, पासबुके, नोटिसा घेऊन बायका येतात आणि मी आकडे दोन्ही भाषांत मोठ्याने वाचतो. गेल्या गुरुवारी एका आजींनी मला मध्येच थांबवले, पासबुक हातात घेतले आणि म्हणाल्या, "परत पहिल्यापासून वाचा, मी मोजते."