आधी रिकामी चौकट

पालकहो आणि शिक्षकमित्रहो, एबीए, म्हणजेच उपयोजित वर्तन विश्लेषण, ही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना लहान पायऱ्यांनी, बक्षीस देत शिकवण्यासाठी वापरली जाणारी पद्धत. तिच्यावर बोलायला उभे राहिले की आठवड्याला किती तास, हा प्रश्न हमखास येतो. मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासातले चाळीस तास सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले आहेत. माझे म्हणणे असे की, तासांच्या आधी पायरीची उंची विचारावी, म्हणजे मुलाला एका वेळी किती छोटी गोष्ट शिकवायची ते.

१९६४ साली वुल्फ, रिस्ली आणि मीस या संशोधकांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील एका साडेतीन वर्षांच्या स्वमग्न मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. लेखात त्याचे नाव डिकी असे आहे. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगे काढलेली होती आणि चष्मा लावला नाही तर दृष्टी जाईल, अशी नेत्रतज्ज्ञांना भीती होती. पण तो चष्म्याला जवळ येऊ देत नव्हता. आपण काय केले असते? दोघांनी हात धरले असते, तिसऱ्याने चष्मा चढवला असता आणि पोराने तो जमिनीवर आपटला की हट्टी आहे म्हणून मोकळे झालो असतो. या मंडळींनी खोलीत नुसत्या, बिनकाचांच्या चौकटी ठेवल्या. एखादी उचलली, हातात धरली, घेऊन फिरला, तरी त्याला लगेच खाऊ मिळे. मग चौकट डोळ्यांच्या दिशेने थोडी सरकली की खाऊ, आणि अखेरीस काचा. तो घरी परतला तेव्हा दिवसातले सुमारे बारा तास चष्मा लावत होता.

ही गोष्ट सांगितली की ‘म्हणजे लाचच की!’ असे कोणीतरी म्हणतेच. पगार मिळणार नसता तर सोमवारी सकाळी लोकलला लोंबकळत कितीजण गेले असते, हे त्यांनी मनात मोजावे. मात्र एक गोष्ट मलाही खटकते. खाऊने काम पुढे सरकेना, तेव्हा तिथे जेवणाचे घासच बक्षीस म्हणून वापरले गेले आणि थैमान घातले की मुलाला खोलीत एकटे ठेवले जाई. आज कोणी आपल्या मुलाच्या बाबतीत असे सुचवले, तर सरळ नकार द्यावा.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, आणि दैनंदिन कौशल्ये तर अजून राहिलीच आहेत, त्यामुळे भराभर सांगतो. चड्डी घालायला शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरुवात करावी: आपण ती कंबरेच्या जरा खालपर्यंत आणावी आणि शेवटचा हिसका मुलाने द्यावा, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो, तो टप्पा जमला की त्याआधीचाही त्याच्यावर सोपवावा. हात धुताना ‘साबण घे, साबण घे’ असा घोष न करता मागे उभे राहून मनगटाला हलका आधार द्यावा, तो आधार पुढे कोपरावर, मग खांद्यावर न्यावा आणि शेवटी काढून घ्यावा. तोंडी सूचनांची सवय मात्र लवकर सुटत नाही. मुलाने हात झटकला तर तिथेच थांबावे. केंद्रातल्या दांडीच्या नळावर हात धुणारे मूल घरी बादली-तांब्यासमोर गोंधळले, तर ते विसरलेले नसते, आपण ते कौशल्य घरी शिकवलेलेच नसते. आणि चार दिवस तीच चूक होत असेल, तर मुलाला रागावण्याऐवजी त्या पायरीचे दोन भाग करावेत.

शेवटचा मुद्दा उद्दिष्टांचा. हात फडफडवणे थांबवणे, बळेच डोळ्यांत बघायला लावणे अशा गोष्टींवर लहानपण खर्ची पडल्याची तक्रार आज प्रौढ स्वमग्न व्यक्ती स्वतःच करतात, आणि ती मला रास्त वाटते. त्यापेक्षा ‘पुरे’ आणि ‘नको’ हे शब्दाने, खुणेने किंवा चित्राच्या कार्डाने सांगणे सुरुवातीलाच शिकवावे, आणि मुलाने ते कार्ड पुढे केले की आपणही त्या क्षणी खरोखर थांबावे, मग वहीतली त्या दिवसाची नोंद अर्धवट राहिली तरी चालेल.