शेवटच्या पाळीची तारीख

(दृश्य: खानापूर तालुका. भाताच्या बांधावरून चाललेल्या आशाताई.)

मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, परतीचा पाऊस रेंगाळत असताना आशाताई ज्या घरी निघाल्या आहेत, तिथल्या सुनेला दिवस गेल्याचे त्यांना नुकतेच कळले आहे.

(दृश्य: भिंतीवरचे कॅलेंडर.)

शेवटची पाळी कधी आली, याचे उत्तर इथे तारखेत क्वचितच मिळते. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी," असे सून सांगते आणि आशाताई पाने मागे उलटून १० ऑगस्टवर बोट ठेवतात. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, की १७ मे ही बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाळीच्या पहिल्या दिवसापासूनचे हे २८० दिवस, म्हणजेच ४० आठवडे. गर्भ प्रत्यक्षात साधारण दोन आठवड्यांनी राहतो, तरी मोजणी पाळीपासून होते, कारण तेवढीच खूण बाईला स्वतःला ठाऊक असते. पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख दुरुस्त करता येते. नेमक्या त्याच दिवशी फार थोड्या बायका बाळंत होतात. ३७ आठवड्यांआधी जन्मलेले मूल मात्र अपुऱ्या दिवसांचे ठरते.

(दृश्य: उपकेंद्र. तायी कार्ड, मोजपट्टी.)

कन्नडमध्ये छापलेले तायी कार्ड, म्हणजे गर्भवतीच्या तपासण्यांची नोंद ठेवणारे कार्ड, आशाताई मराठीत समजावून सांगतात. विसाव्या आठवड्यानंतर नर्सबाई पोटाची उंची, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर, मोजतात, तेव्हा सेंटिमीटरचा आकडा साधारणपणे आठवड्यांइतकाच येतो. तो बराच मागे पडला, तर बाळाची वाढ डॉक्टरांनी तपासायला हवी, हे समजते. मूळ तारीखच चुकलेली असेल, तर या मोजमापावर विसंबता येत नाही.

(दृश्य: गोळ्या, अंगणवाडीतले ताट.)

चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. चहाबरोबर घेतल्यास तिच्यातले लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून जेवणात लिंबू असावे आणि चहा बराच वेळाने घ्यावा. शौचाला काळे होते, म्हणून अनेकजणी घाबरून गोळ्या सोडतात. त्यात धोका नाही, हे आधीच सांगून ठेवणे हे आशाताईंचे मोलाचे काम आहे आणि ते कोणत्याही रजिस्टरात चढत नाही. अंगणवाडीतल्या गरम जेवणासोबत अंडे आणि दूधही मिळते.

रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास लगेच १०८ वर फोन करावा.

(दृश्य: घाटातला पाऊस.)

ज्यांचे दिवस भर पावसाळ्यात भरणार असतात, त्यांनी आधीच खानापूर किंवा बेळगावला नातेवाइकांकडे कधी जाऊन राहायचे, हेही कार्डावरच्या याच तारखेवरून ठरते.