प्राप्तिस्थान : ब्रह्मपुरी

पहिल्या रांगेत माझी आजी बसली आहे. घरातून निघतानाच तिनं बजावलंय, 'मस्कतचं इंग्रजी फाडू नको तिथं.' तेव्हा इथल्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात मी काय काम केलं, ते मराठीतच सांगणार आहे. कुठं अडखळले तर ती सांगेलच, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

माझा जन्म इथलाच. चार वर्षांची असताना बाबांच्या नोकरीमुळं आम्ही ओमानला, मस्कतला गेलो. तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी पडते तेव्हा इथं धो धो पाऊस असतो. त्यामुळं दर जुलैत तीन आठवडे, एवढंच माझं कोल्हापूर. छत्री, अंबाबाई, रंकाळ्यावरची भेळ, न वाळणारे कपडे, की परत विमान. मी हे गाव कोरडं कधी बघितलंच नव्हतं.

आणि आजीची भाषा. आजी म्हणते, 'मी आलो', 'मी जेवलो'. कोल्हापुरात बायका असंच बोलतात, हे तुम्हाला काय सांगायचं? पण मस्कतला सुट्टीच्या दिवशी मराठीचा वर्ग भरायचा. तिथं मी वहीत 'मी आलो' लिहिलं, की बाई लाल पेनानं गोल करून 'आले' लिहायच्या. बारा-तेरा गोल झाल्यावर मी सुधारले. अजून सुधारलेलीच आहे, ऐकताय तुम्ही.

आता मी बडोद्याला कलेतिहास शिकते. दोन महिने एखाद्या वस्तुसंग्रहालयात काम करणं आम्हाला सक्तीचं आहे. खरं सांगते, कोल्हापूर माझ्या यादीत पहिलं नव्हतं. एका मोठ्या ठिकाणी अर्ज केला होता, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. मग बाबा म्हणाले, कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात विचार, राहायला आजी आहे.

टाऊन हॉलची इमारत 1872 ते 1876 या काळात बांधली. आराखडा चार्ल्स मँटचा. इथला नवा राजवाडा त्याचाच, आणि बडोद्यात मी रोज ज्याच्या कंपाउंडवरून जाते त्या लक्ष्मीविलास पॅलेसचा मूळ आराखडाही त्याचाच. म्हणजे एका माणसाच्या दारातून निघून त्याच्याच दुसऱ्या दारात आले होते.

पहिला आठवडा नोंदवहीत गेला. वस्तूचा क्रमांक, माध्यम, काळ, स्थिती, आणि एक रकाना 'प्राप्तिस्थान'. म्हणजे वस्तू कुठं सापडली. ती कुठं घडवली, त्याला माझ्यासमोरच्या पानावर वेगळा रकाना नव्हता. ओळीनं ब्रह्मपुरी, ब्रह्मपुरी, ब्रह्मपुरी लिहीत गेले. पंचगंगेच्या काठावरची ती टेकडी तुमच्या रोजच्या रस्त्यात असेल. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी तिथं खणलं, मग 1945-46 साली डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं, सातवाहन काळातलं गाव खालून वर आलं. त्यातल्या कांस्याच्या वस्तूंत हत्ती आहे, त्याच्यावर बसलेली माणसं आहेत. आणि पोसायडन आहे.

ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन जगात ओतलेला. वीतभरही उंच नाही. त्याला हात लावायला मिळाला का, असं सगळे विचारतात. नाही मिळाला. पण मला त्याचं पेन्सिलनं रेखाटन करायला सांगितलं होतं, आणि त्यात तीन दुपारी गेल्या. पहिल्या दुपारी नुसती दाढी. मग पोटाचे स्नायू. ओतणाऱ्यानं ते इतके बारकाईनं केलेत, की माझी रेघ प्रत्येक वेळी जाडच पडायची. एक हात वर उचललेला, त्रिशूळ धरल्यासारखा. त्रिशूळ गेलाय, पकड राहिली आहे. ती रिकामी मूठ मला शेवटपर्यंत नीट जमली नाही.

हा इथं आला कसा? तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमाराला सुटायची. नैर्ऋत्येचा वारा शिडात भरला की अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागायची आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यानं परत जायची. किनाऱ्यावरून माल घाट चढून वर यायचा. जुलै! आम्हीसुद्धा दर जुलैतच यायचो. तो मोसमी वारा बघून, आम्ही शाळेची सुट्टी बघून.

आणखी एक गोष्ट. ओमानच्या दक्षिणेला, सलालाजवळ, खोर रोरी म्हणून जागा आहे. धुपाच्या व्यापाराचं जुनं बंदर, सुमहुरम. शाळेची सहल तिकडं गेली होती. बाई भिंती दाखवत होत्या आणि मी मागं बसून चिप्स खात होते. तिथल्या उत्खननात एक छोटी कांस्यमूर्ती सापडली आहे, शालभंजिकेची, म्हणजे झाडाची फांदी धरून उभ्या बाईची. घडण भारतीय. ती आता वॉशिंग्टनमध्ये आहे. हे मला कोल्हापुरात, टाऊन हॉलच्या टेबलावर वाचताना कळलं. इकडून बाई तिकडं गेली, तिकडून बुवा इकडं आला, आणि मी दोन्ही गावांची असून मला पत्ता नाही.

चित्रांवर बोलायला हवं, पण वेळ थोडा आहे, म्हणून एकच नाव घेते. आबालाल रहिमान. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथं नाव कमावलं आणि परत कोल्हापूरला आले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, 1931 मध्ये गेले. त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. मला ती कथा विशेष आवडत नाही. वाचलेल्या चित्रांकडं बघायचं सोडून लोक बुडालेल्यांवरच बोलतात. त्यांचा रंकाळा बघा. बारीक बारीक फटकारे, जवळून नुसते ठिपके. चार पावलं मागं सरकलं की पाणी हलायला लागतं. दर जुलैत मी त्याच पाण्याशेजारी भेळ खाल्ली होती, पाठ करून.

शेवटी ओळखपट्टीचं काम आलं. पोसायडनसाठी मी झोकात लिहिलं, 'हेलेनिस्टिक परंपरेतील रोमन कांस्यशिल्प.' तिथले एक ज्येष्ठ कर्मचारी म्हणाले, 'आजीला वाचून दाखवा.' आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हंजे आपला वरुण का?' दुसऱ्या दिवशी पट्टीची सुरुवात 'समुद्राचा देव' अशी झाली.

त्याच आठवड्यात एका शाळेची मुलं आली. पाचवी-सहावीची असतील, पावसानं भिजलेली. पट्टी कुणीही वाचली नाही. एकानं काचेला नाक लावलं, तो वर गेलेला हात, तो उघडा देह बघितला आणि मागं वळून ओरडला, 'आरं, पैलवान हाय! जितलाय त्यो!' लगेच दुसऱ्यानं त्याचा हात धरून खासबागेतल्या कुस्तीच्या पंचासारखा वर केला. मी पुढं होऊन म्हटलं, हा पैलवान नाही, समुद्राचा देव आहे. त्यानं माझ्याकडं नीट बघून विचारलं, 'मग हितं काय कराय आलाय?'

हाच प्रश्न पहिल्या दिवशी मला रिक्षावाल्या काकांनी विचारला होता. 'मस्कत सोडून हितं काय कराय आलायसा?' त्यांना मी प्रशिक्षण, प्रमाणपत्र असं काहीबाही सांगितलं. त्या पोराला मी सांगितलं, की हा व्यापाऱ्यांबरोबर जहाजातून आला, घाट चढला, आणि नदीकाठी राहिला. ते त्याला पटलं. 'पैलवानच हाय पण,' एवढं म्हणून तो हत्तीकडं गेला.

रेखाटन मागं टेबलावर ठेवलं आहे. मूठ चुकली आहे, ते माहीत आहे, सांगू नका. आजी घड्याळ दाखवायला लागली. येतो मी.