टाकाऊ कोण ठरवतं?

माझ्या हातातली ही कात्री बघा. दोन्ही पाती जिथे एकमेकांवर येतात तिथे स्क्रू आहे. इतक्या वेळा धार लावून झाली आहे की पाती झिजून जवळजवळ निम्म्यावर आली आहेत. अंगठ्याच्या कडीत आतून रंग उडालाय आणि धातू बोटांनी गुळगुळीत झालाय. आता ही दुसरी. प्लास्टिकची मूठ, चकचकीत पाती, आणि स्क्रूच्या जागी ठोकलेलं रिव्हेट. ही घरी उघडता येत नाही, सैल पडली तर आवळता येत नाही. सैल पडली म्हणूनच मी ती टाकायला काढली होती. पण तो निर्णय खरं म्हणजे माझा नव्हताच. कारखान्यात कुणीतरी स्क्रूऐवजी रिव्हेट पसंत केलं, तेव्हाच तिचं टाकाऊपण ठरून गेलं होतं.

टाकून दिलेल्या वस्तूंपासून कला, या आजच्या विषयासाठी मराठीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा तयार शब्दप्रयोग आहे. मला तो अपुरा वाटतो. वस्तू टाकाऊ आहे हे त्यात आधीच मान्य करून टाकलेलं असतं. बाटली रंगवली, तिला सुतळी गुंडाळली, फुलदाणी झाली. दिसायला छान दिसते. पण ती बाटली एकदा वापरून फेकण्यासाठीच का बनवली होती, हा प्रश्न रंगाखाली गाडला गेला. अशा फुलदाण्या करायला नव्या बाटल्या विकत आणणारी माणसंही मी पाहिली आहेत, आणि ते पाहून मला वाईट वाटतं. कलेमुळे कचरा कमी होईल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. एवढे ढीग रिचवायला जगातले सगळे शिल्पकार मिळूनही पुरे पडणार नाहीत. ज्या वस्तूंकडे आपण बघणंच सोडून दिलंय त्या पुन्हा बघायला लावणं, हे मात्र कला करू शकते. आणि त्यासाठी वस्तूचं आधीचं आयुष्य दिसत राहिलं पाहिजे.

पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. दोनच वस्तू, तिसरी नाही. बैल दिसतो, आणि सायकलही दिसते. नजर एकीकडे ठरतच नाही.

आता मला दोन कलाकृतींपाशी जरा थांबायचं आहे. मायकेल लँडी या ब्रिटिश कलाकारानं आपल्या मालकीच्या प्रत्येक वस्तूची यादी केली. मोजे, पत्रं, पासपोर्ट, मित्रांनी दिलेली चित्रं, मोटार, सगळं. आकडा भरला ७,२२७. मग २००१ मध्ये, लंडनच्या गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका बंद झालेल्या दुकानात, त्या सगळ्या वस्तू सरकत्या पट्ट्यावर ठेवून, सुट्या करून, त्यानं दोन आठवड्यांत नष्ट केल्या. विकायला काहीच नव्हतं. लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन आत येत आणि बघत उभे राहत. त्या वस्तूंमध्ये त्याच्या वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोटही होता. मला वाटतं, त्या कोटापाशी हे सगळं वेगळं वळण घेतं. मोजे गेले तर काय गेलं? कोट जाताना मात्र पोटात तुटतं. मोज्यांना आणि कोटाला यादीत एकेकच क्रमांक होता. आपण वस्तू विकत घेतो तेव्हा त्या एकसारख्या असतात. त्यांच्यातला फरक आपल्यासोबत राहूनच पडतो.

याच्या अगदी उलट टोकाला चीनमधला कलाकार सोंग दोंग. त्याच्या आईनं टंचाईच्या दिवसांत संसार केला होता, काही म्हणता काही टाकायचं नाही ही तिची सवय. २००२ मध्ये सोंग दोंगचे वडील गेले. त्यानंतर आईचं साठवणं आणखी वाढलं, घर वस्तूंनी भरून गेलं. मुलानं घर साफ करून टाकलं नाही. त्यानं आईला सोबत घेतलं आणि २००५ मध्ये त्या दहा हजारांहून अधिक वस्तू प्रदर्शनात मांडल्या. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबा, बाटल्यांची झाकणं, चपला, घडी घातलेल्या पिशव्या. बाजूला त्यांच्या घराचा लाकडी सांगाडा. टंचाईच्या त्या दिवसांत कपड्यांचा साबण रेशनवर मिळे. मुलांना पुढे कमी पडायला नको म्हणून तिनं तोही जपून ठेवला होता. त्या साबणाकडे बघून ‘पसारा’ हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. त्यात एका बाईची भीती आहे, आणि मायाही.

एकानं सगळं मोडलं, दुसऱ्यानं काहीच टाकलं नाही. पण दोघांनीही प्रत्येक वस्तू हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

घानामध्ये जन्मलेला आणि नायजेरियात कित्येक वर्षं काम केलेला शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चपटी करून तांब्याच्या तारेनं जोडतो. लांबून सोनेरी वस्त्र, जवळ गेलं की झाकणांवरची नावं वाचता येतात. युरोपीय व्यापारी आफ्रिकेत दारू घेऊन आले, आणि गुलामांच्या व्यापारातही दारू होती. तो इतिहास त्या वस्त्रात शिवलेला आहे. झाकणं रंगवून टाकली असती तर तो पुसला गेला असता.

मी लँडीसारखी यादी करून पाहिली. घराची नाही, टेबलाच्या एका खणाची. अख्खी दुपार गेली. अकरा चार्जर निघाले, त्यातले सात कशाचे हे मला सांगता येईना. ते मीच आणले होते, पैसे मोजून. त्या दिवशी मी काहीही बनवलं नाही, पण नंतर कित्येक दिवस दुकानात हात पुढे करताना तो खण आठवायचा.

दुपारच्या सत्रासाठी तुम्हाला टाकायला काढलेली एकेक वस्तू आणायला सांगितलं होतं. डिंक आणि रंग मी मुद्दाम ठेवलेले नाहीत. आधी ती उघडता येते का ते बघायचं. उघडली तर आत कुठे बिघडली ते शोधायचं, आणि ती तुमच्याकडे कशी आली ते चार ओळींत लिहायचं. जोडायचं, शिवायचं, मोडायचं ते त्यानंतर.

तोवर ही जुनी कात्री मागच्या रांगेपर्यंत फिरू दे. कडीत अंगठा घालून बघा. पात्यांकडून मात्र धरू नका, धार अजून शाबूत आहे.