आलियानिको, फियानो, ग्रेको : इर्पिनियातल्या एका घराण्याचा हट्ट

(दृश्य : फियानोचा घड, अगदी जवळून)

हा फियानो या पांढऱ्या द्राक्षाचा घड. मणी बारीक, साल जाड, रस बेताचा. एकरी किती माल निघाला यावर पैसे मिळणार असतील, तर कुठलाही बागायतदार ही जात ठेवणार नाही. इर्पिनियातल्या शेतकऱ्यांनीही ठेवली नव्हती. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फियानो इथून जवळजवळ नाहीशी झाली होती. आज इटलीतल्या उत्तम पांढऱ्या वाइनमध्ये तिचं नाव घेतात. ती टिकली, त्याचं मोठं श्रेय एका घराण्याला जातं.

(दृश्य : डोंगरउतारावरचे मळे, मागे धुकं)

इर्पिनिया म्हणजे नेपल्सच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख. दक्षिण इटली म्हटल्यावर ऊन आणि समुद्र डोळ्यांपुढे येतो, पण इथे हिवाळ्यात बर्फ पडतं. बरेचसे मळे समुद्रसपाटीपासून 400 ते 700 मीटरवर आहेत. जमीन चिकण आणि चुनखडीची, आणि तिच्यात शतकानुशतकं उडून आलेली व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख मिसळलेली.

याच मुलखात आत्रिपाल्दा नावाचं गाव आहे, आणि गावात मास्त्रोबेरार्दिनो घराणं. अठराव्या शतकापासून हे लोक वाइनच्या धंद्यात आहेत. 1878 मध्ये आंजेलो मास्त्रोबेरार्दिनो यांनी पेढीची रीतसर नोंदणी केली. काळ तेजीचा होता. फिलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या होत्या, आणि इर्पिनियाच्या वाइनला बाहेरून मागणी होती. 1895 मध्ये अव्हेलिनो या इथल्या मुख्य शहराहून रोक्केत्ता सांत आंतोनियोपर्यंत रेल्वे झाली आणि पिंपं गाडीने जाऊ लागली.

मग तीच कीड इथेही पोहोचली. तिच्यावर इलाज एकच होता : अमेरिकन खुंटावर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलाच्या मुळांवर, आपल्या जातीचं कलम. आपल्याकडे डॉगरिजचा खुंट मुख्यतः खारट जमीन आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून लावतात. युरोपात खुंट आला तो या किडीपायी. म्हणजे जुनी बाग उपटायची आणि सगळं नव्याने लावायचं. नव्याने लावायचंच, तर जास्त माल देणारी जात का नको? त्रेब्बियानो लावा, सांजोवेझे लावा, असा सल्ला चहूकडून मिळत होता. सांजोवेझे काही हलकी जात नाही. टस्कनीत तिची वाइन अव्वल होते, आपल्या अकलूजकडेही तिची लागवड झाली आहे. पण ती इर्पिनियाची नव्हती.

युद्धानंतर पेढी अंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो या तरुणाच्या हाती आली. आजूबाजूची गावं रिकामी होत होती, माणसं कामासाठी परदेशी निघाली होती. अशा दिवसांत अंतोनियोंनी ठरवलं, की आपण इथल्याच जाती लावायच्या. कुणाच्या तरी बांधाला उरलेले जुने वेल त्यांनी हुडकले, त्यांच्या काड्या आणल्या, कलमं केली. शेजारच्या शेतकऱ्यांनाही याच जाती लावा म्हणून गळ घातली. त्यांना पुढे द्राक्षांचे पुरातत्त्वज्ञ म्हणू लागले. मला मात्र त्यांच्यातला व्यापारी जास्त मोठा वाटतो. त्रेब्बियानो कुणीही पिकवेल आणि आपल्यापेक्षा स्वस्त विकेल, हे त्यांनी वेळेवर ओळखलं.

(दृश्य : तुफो गाव, गंधकाच्या जुन्या खाणीच्या इमारती)

ग्रेको ही दुसरी पांढरी जात. तिचं मूळ गाव तुफो. 1866 मध्ये इथे गंधक सापडलं आणि खाण सुरू झाली. द्राक्षांचे मळे त्याच डोंगरावर.

(दृश्य : आलियानिकोचे काळे घड, पानं पिवळी पडलेली)

आणि हा आलियानिको. काळा, जाड सालीचा, आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही चढे. पिकायला इतका उशीर लावतो, की तोडणी ऑक्टोबरच्या अखेरीला, कधी नोव्हेंबरातही जाते. नाशिककडे त्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेली असते आणि डोळे फुटत असतात. आपल्याकडे वेल वर्षभर जागा असतो, म्हणून दोनदा छाटावा लागतो. इथे थंडीत तो झोपतो, एकदाच छाटणी होते, आणि वर्षाचं एकुलतं पीक पावसाच्या तोंडी वेलीवर उभं असतं. घड भिजले तर कूज धरतात. आधी तोडले तर वाइन तोंडात धरवत नाही. तोडणी कधी करायची, यावर सारं वर्ष टांगलेलं असतं.

या द्राक्षाची वाइन म्हणजे ताउरासी. सतरा गावांच्या हद्दीतच ती करता येते. तिच्यात किमान 85 टक्के आलियानिको लागतो आणि विक्रीआधी किमान तीन वर्षं मुरवावी लागते. या घराण्याची 1968 सालची ताउरासी जाणकार अजून शोधत असतात. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर ही तीन वर्षं म्हणजे अडकलेलं भांडवल. आज तोडलेल्या द्राक्षाचा पैसा कधी येणार, याचा हिशेब मांडूनच हा धंदा करावा लागतो.

23 नोव्हेंबर 1980. रविवारची संध्याकाळ. 6.9 क्षमतेच्या भूकंपाने इर्पिनिया हादरला, सुमारे 2,900 माणसं गेली. आत्रिपाल्दाच्या तळघरांचीही पडझड झाली. घराण्याने ती पुन्हा उभारली. 1986 च्या पिकापासून त्यांनी आपल्या ताउरासीला 'रादीची', म्हणजे मुळं, हे नाव दिलं. 1993 मध्ये ताउरासीला इटलीचा सर्वोच्च दर्जा मिळाला. दक्षिण इटलीतल्या लाल वाइनला तो पहिल्यांदाच मिळत होता. फियानो आणि ग्रेकोला तो 2003 मध्ये मिळाला.

मधल्या काळात घर दुभंगलं. 1990 च्या दशकात भाऊ वेगळे झाले. अंतोनियोंचे भाऊ वॉल्तर बरेचसे मळे घेऊन बाहेर पडले आणि तेर्रेदोरा हे नवं घर उभं राहिलं. अंतोनियोंकडे तळघर आणि जुनं नाव राहिलं, मळे पुन्हा जमवावे लागले. वाटणी दुःखाचीच. तरी दोन्ही घरांनी इथल्याच जाती धरून ठेवल्या, हे विशेष.

(दृश्य : पॉम्पेई, भिंतींच्या आतला द्राक्षमळा)

आता पॉम्पेई. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली हे रोमन शहर गाडलं गेलं, तेव्हा शहराच्या आतही द्राक्षमळे होते. वेल कुजून गेले, पण राखेत मुळांच्या जागी पोकळ्या राहिल्या. विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन संशोधक बाईंनी 1960 च्या दशकात अँफिथिएटरजवळ खणायला घेतलं. पोकळ्या साफ करून त्यांत पातळ सिमेंट ओतलं, आणि मुळांचे साचे जसेच्या तसे बाहेर आले. दोन हजारांहून जास्त वेल तिथे होते. दोन वेलींमध्ये चार रोमन फूट, म्हणजे साधारण 1.2 मीटर अंतर. शेजारी आधाराच्या खुंट्यांची भोकंसुद्धा.

1996 मध्ये पॉम्पेईच्या पुरातत्त्व खात्याने मास्त्रोबेरार्दिनोंना तिथे पुन्हा वेल लावायला बोलावलं. त्यांनी स्थानिक जाती निवडल्या. त्यांतली एक पिएदिरोस्सो. ती पिकली की घडाचा देठ कबुतराच्या पायासारखा लाल होतो. पहिलं पीक 2001 चं. वाइनच्या सुमारे 1,700 बाटल्या भरल्या, नाव 'व्हिल्ला देई मिस्तेरी'.

अंतोनियो 2014 मध्ये गेले. आता पेढी त्यांचे चिरंजीव पिएरो सांभाळतात. ते विद्यापीठात व्यवस्थापनाचे प्राध्यापकही आहेत. फिलोक्सेराच्या आधीचे, खुंटाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभे असलेले आलियानिकोचे जुने वेल इर्पिनियात अजून थोडे शिल्लक आहेत. त्यांच्या काड्यांवरून निवड करून मिराबेल्ला एक्लानोच्या मळ्यात लागवड झाली, आणि त्या द्राक्षांची वेगळी वाइनही निघते, 'रेदीमोरे'. हा मळा पाहायला जायचं असेल, तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा गाठा. इटलीतली बहुतेक तोडणी तोवर उरकलेली असते, इथली सुरू होत असते.